हवेचा खोकला

खोकल्याला फार मनावर घेऊ नये, हवा बदलली की तो येतो आणि आपल्या मुदतीनं जातो, हे मत आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की ते मत आहे याचाच विसर पडला आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, ऑक्टोबरात ऊन तापतं, दिवाळीत फटाके उडतात, पौषात थंडी पडते. महाराष्ट्रात हवा बदलत नाही असा महिना शोधून सापडायचा नाही, त्यामुळे हे कारण कधी खोटं पडत नाही. जे कारण कधीच खोटं पडू शकत नाही त्याच्याकडे खरं तर संशयानं पाहायला हवं. पण आपण ते निदान म्हणून स्वीकारतो, आणि घरच्यांच्या जोडीला कोपऱ्यावरचा दवाखानाही ते स्वीकारतो.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावा, ही शास्त्रार्थाची जुनी रीत. हा पूर्वपक्ष फक्त आजीबाईंचा नाही, त्याच्या पाठीशी चांगलं संशोधन आहे. २०१३ साली मार्क एबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अनेक अभ्यास एकत्र करून साधा, विषाणूजन्य खोकला किती दिवस टिकतो याचा हिशेब मांडला. उत्तर आलं सरासरी १७.८ दिवस. लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची होती. म्हणजे नवव्या दिवशी घाबरून डॉक्टरकडे धावणारा आणि अँटिबायोटिक मागणारा माणूस बहुतेक वेळा निष्कारण धावत असतो. तेव्हा धीर धरा, औषधांचा मारा करू नका, तपासण्यांच्या मागे लागू नका, असं हा पक्ष सांगतो. यातली अर्धी गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. सर्दीच्या खोकल्यावर अँटिबायोटिक देण्याची आपली सवय घातक आहे आणि ती सुटेल तेवढी बरी.

चूक आहे ती उरलेल्या अर्ध्यात. ती १७.८ दिवसांची सरासरी कोणाची? जे खोकले साधे होते आणि आपोआप बरे झाले, त्यांची. त्या आकड्याच्या आधारावर चाळिसाव्या दिवशी खोकणाऱ्याला ‘जाईल हो’ म्हणणं म्हणजे ज्या माणसाची मोजणी त्यात झालेलीच नाही त्याला तो आकडा लावणं. मुक्कामाची एस.टी. आठवून पाहा. स्टँडवरून निघताना गाडीत सगळ्या गावांचे लोक असतात. प्रत्येक थांब्याला काही उतरतात, आणि घाट ओलांडल्यावर जे उरतात ते बहुतेक शेवटच्या गावचेच. खोकणाऱ्यांच्या घोळक्याचं असंच होतं. पहिल्या आठवड्यात त्यात बहुतांशी सर्दीवाले असतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले बरेचसे बरे होऊन बाजूला होतात. आठवा आठवडा उजाडतो तेव्हा उरलेला घोळका आधीच्या घोळक्यासारखा राहिलेलाच नसतो. म्हणूनच वैद्यकशास्त्र तीन आठवड्यांपर्यंतच्या खोकल्याला अल्पकालीन म्हणतं आणि आठ आठवड्यांनंतरच्या खोकल्याला दीर्घकालीन. ‘इतके दिवस झाले, आता जाईलच’ असं आपण म्हणतो, पण जितके दिवस अधिक तितका तो आपोआप जाण्याचा भरवसा कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

इथे एखादा चाणाक्ष प्रतिपक्षी मला अडवील. साधा खोकलाच अठरा दिवस चालत असेल, तर आपला राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करा’ असं का सांगतो? चौदाव्या दिवशी सर्दीवालेही खोकतच असणार. मग हा नियम अतिरेकी नव्हे काय? आक्षेप बिनतोड दिसतो, पण तो नियम काय सांगतो हे लक्षात घेत नाही. दोन आठवडे खोकला म्हणजे क्षय, असं तो म्हणत नाही, बेडका तपासा एवढंच म्हणतो. पूर्वी हीच मर्यादा तीन आठवड्यांची होती, ती मुद्दाम खाली आणली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांमध्ये जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय लाखामागे ३१६ जणांना आढळला. जिथे रोग एवढा पसरलेला आहे तिथे मोजपट्टी थोडी अलीकडे धरावी लागते. नॉर्वेतल्या माणसाला जो धीर परवडतो तो धारावीतल्या माणसाला परवडत नाही.

परंपरेचा हवाला देणारेही पूर्वपक्षात असतात. हळद-दूध, ज्येष्ठमध, सितोपलादि, अडुळसा हे सगळं आजीच्या बटव्यात असताना डॉक्टर कशाला, असं त्यांचं म्हणणं. अडुळशाबद्दल माझं भांडण नाही. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच पुढे ब्रोमहेक्झिन घडवलं गेलं आणि आज ते कितीतरी ॲलोपॅथिक बाटल्यांत बसलेलं असतं, हे अडुळशाच्या भक्तांना आणि टीकाकारांना सारखंच अडचणीचं आहे. पण परंपरेचं नाव घ्यायचं तर चरकसंहिता उघडावी. चिकित्सास्थानाचा अठरावा अध्याय कासाचा, म्हणजे खोकल्याचा आहे. तिथे वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज असे पाच प्रकार सांगितले आहेत आणि ते वाढू दिले तर शरीराचा क्षय करतात, असा इशारा सुरुवातीलाच आहे. निदानस्थानात एक रोग दुसऱ्या रोगाचं कारण कसा होतो याची जी उदाहरणं आहेत, त्यांत सर्दीतून खोकला आणि खोकल्यातून क्षय ही साखळी येते. चरकाचा क्षय आणि आजचा टीबी अगदी एकच, असा दावा मी करत नाही. पण खोकला ही किरकोळ बाब आहे, हे मत त्या ग्रंथात नाही. ते आपलं, अलीकडचं आहे.

आवाजावरून खोकला ओळखणाऱ्यांचा एक पंथ आहे, त्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. कोरडा की ओला, घशातला की छातीतला, यावरून काही अंदाज बांधता येतात, पण क्षय किंवा कर्करोग कानानं वगळता येत नाही. रक्ताची वाट पाहणारे मात्र खरोखर नुकसान करून घेतात. जुन्या सिनेमात नायिकेनं पांढरा रुमाल तोंडाला लावला की प्रेक्षकांना निदान कळायचं. तो रुमाल आपल्या डोक्यात असा बसला आहे की रक्त नाही म्हणजे घोर नाही, असं लोक समजतात. क्षयाच्या कितीतरी रुग्णांना रक्त कधी पडतच नाही. पडलं तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता ज्या मताशी माझं खरं भांडण आहे ते. ते सुशिक्षितांचं आहे, भाषणांत आणि फलकांवर ते सगळीकडे भेटतं. ‘लोक बेफिकीर आहेत, खोकला अंगावर काढतात, जनजागृती केली पाहिजे.’ ऐकायला हे इतकं समंजस वाटतं की त्याला विरोध करणारा माणूस आडमुठा दिसतो. पण १९६३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या डॉ. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा एक अभ्यास छापून आला. तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत बेडक्यात जंतू सापडलेल्या क्षयरुग्णांना त्यांनी विचारलं : तुम्हाला काही होतंय हे कळलं होतं का? काळजी वाटली का? त्यावर काय केलंत? जवळजवळ सगळ्यांना लक्षणं कळली होती, बहुतेकांना काळजी वाटली होती, आणि निम्म्याहून अधिक लोक स्वतः होऊन दवाखान्यात गेले होते. तिथून ते काय घेऊन परतले? खोकल्याच्या औषधाची बाटली. अडाणी समजलेल्या शेतकऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. मैलोन्‌मैल चालत जाऊन त्यानं तक्रार सांगितली आणि समोरच्यानं ती बाटलीत बंद करून परत दिली.

ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, आता सगळं बदललं, असं म्हणायची सोय नाही. २०१८ साली मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी डॉक्टरांबद्दलचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी साध्या माणसांना रुग्णाचं सोंग वठवायला शिकवून दवाखान्यांत पाठवलं होतं, आणि अशा २६०० हून अधिक भेटींची नोंद झाली. एक सोंग होतं दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप असलेल्या माणसाचं. योग्य वागणूक कशाला म्हणायची याची अट काही कडक नव्हती : बेडका तपासायला सांगितला, एक्स-रे काढायला सांगितला किंवा पुढे योग्य जागी पाठवलं, तरी पुरे. सगळी सोंगं धरून या अटीला उतरलेल्या भेटी सुमारे ३५ टक्के. बाकीच्या ठिकाणी अँटिबायोटिक, सिरप, कधी स्टेरॉइड, असं मिळेल ते. हे डॉक्टर दुष्ट होते असं मला वाटत नाही. ज्या दवाखान्यात तासाला वीस रुग्ण तपासायचे असतात आणि रुग्ण ‘आजच बरं वाटलं पाहिजे’ म्हणून आलेला असतो, तिथे ‘उद्या सकाळचा बेडका घेऊन या’ म्हणणाऱ्याचा रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो. बाटली देणं हा दोघांचा सोयीचा करार आहे.

प्रतिपक्षी इथे राष्ट्रीय पाहणीचाच दाखला माझ्यावर उलटवील, आणि त्याला तो हक्क आहे. त्याच पाहणीत लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच उपचाराला गेले नव्हते, आणि न जाण्याचं कारण म्हणून बहुतेकांनी लक्षणांकडे लक्ष दिलं नाही असंच सांगितलं. मग लोकच बेफिकीर ठरले ना? हा आकडा मी झटकून टाकत नाही. पण प्रश्नावलीत ‘दुर्लक्ष केलं’ या उत्तरापुढे खूण केली की त्यामागचा इतिहास पुसला जातो. ज्यानं दोनदा रोज बुडवून ओ.पी.डी.ची रांग लावली आणि दोनदा तीच गुलाबी बाटली घेऊन परतला, तो तिसऱ्यांदा गेला नाही तर त्याची नोंद कशी होणार? दुर्लक्ष अशीच. हा माझा तर्क आहे. पण तुमकूरच्या शेतकऱ्यापासून मुंबईच्या दवाखान्यापर्यंतचा पुरावा त्याच्या बाजूला आहे. शिवाय याच पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारून थांबले असते तर ते निसटले असते. म्हणजे ‘खोकला नाही, तर टीबी नाही’ हेही खोटं. पण त्यामुळे खोकल्याचं महत्त्व कमी होत नाही. जो खोकतो आहे तो निदान स्वतःहून सांगतो तरी आहे, आणि सांगणाऱ्यालाच आपण परत पाठवत असू तर न सांगणारे काय हाती लागणार?

बेडका तपासणं म्हणजे नेमकं काय हेही जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुष्कळ निदानं तिथेच फसतात. हातात डबी देऊन ‘थुंकी आणा’ म्हटलं की माणूस लाळ आणतो. लाळेत काय सापडणार? पाण्यानं चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, आणि छातीच्या तळातून खोकून जो चिकट, घट्ट बेडका येतो तो डबीत घ्यायचा. सकाळी उठल्याबरोबरचा सगळ्यांत चांगला. तो मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर जाऊन काढायचा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि ती बहुतेक ठिकाणी दिली जात नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचा तर एका मिलिलीटर बेडक्यात ते पाच-दहा हजारांच्या घरात असावे लागतात. त्यामुळे ‘निगेटिव्ह’ या शब्दावर फार विसंबू नये. आता जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. त्यांतली ट्रूनॅट तर गोव्यातल्या कंपनीची. अशा चाचण्या कितीतरी कमी जंतूंवर निदान करतात आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही सांगतात. म्हणून तपासणी करायची तर कोणती, हे रुग्णानं विचारावं. विचारण्यात कसला उद्धटपणा नाही.

इतकं झाल्यावर रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. ‘टीबी नाही ना? मग झालं!’ हे मत क्षयाच्या भीतीतूनच जन्मलं आहे आणि तितकंच फसवं आहे. टीबी नाही यानं एक नाव खोडलं गेलं. खोकला तर चालूच आहे. आपल्याकडे फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण महिनोन्‌महिने क्षयाची औषधं घेत राहतात, कारण एक्स-रेवर डाग दिसला आणि बेडक्यात जंतू नसतानाही ‘टीबीच असेल’ म्हणून गोळ्या सुरू झाल्या, असं कर्करोगतज्ज्ञ कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. बहुतेक रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचतात ते तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. विडी ओढणाऱ्याचं तर वेगळंच. त्याच्या खोकल्याला घरात कोणी खोकला मानतच नाही, तो त्याचा स्वभाव समजला जातो. अशा माणसात खोकला आहे की नाही यापेक्षा तो बदलला का, हे विचारावं लागतं : आधी फक्त सकाळी यायचा तो आता दिवसभर येतो, आवाज घोगरा झाला, पँट कमरेला सैल पडू लागली. आणि विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांना, त्यातही बायकांना, हा कर्करोग होत नाही अशी समजूत असेल तर तीही सोडून द्यावी. एक्स-रे स्वच्छ आला तरी सगळेच कर्करोग त्यात दिसत नाहीत. खोकला तसाच राहिला तर सी.टी. स्कॅनचा विचार करावा लागतो.

मग कबुतरं. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला आणि मुंबईत श्रद्धा विरुद्ध महापालिका असा सामना रंगला. त्या गदारोळात ज्याच्या फुप्फुसावर हे चाललं होतं तो माणूस बाजूलाच पडला. पक्ष्यांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काहींच्या फुप्फुसाला अतिसंवेदनशीलतेची सूज येते, आणि ती चालू राहिली तर फुप्फुस कायमचं राठ होतं. सुरुवात होते कोरड्या खोकल्यानं आणि जिना चढताना लागणाऱ्या धापेनं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत फुप्फुस राठ करणाऱ्या आजारांच्या रुग्णांपैकी ४७ टक्के या एकाच प्रकारचे निघाले. त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा संबंध एअर कूलरशी होता, त्याच्या ओल्या जाळीवर वाढणाऱ्या बुरशीशी. विदर्भात उन्हाळा कूलरशिवाय काढता येत नाही हे मलाही कळतं. पण खोकणाऱ्याला ‘घरात कूलर आहे का, खिडकीत कबुतरं बसतात का’ हे विचारायला काही खर्च येत नाही. या जातीच्या खोकल्याला हवेचा म्हणणं शब्दशः खरंही आहे, फक्त ती हवा घरातलीच असते आणि ती साफ करता येते.

आडवं झाल्यावर येणारा, उशी उंच केली की थांबणारा खोकला हृदयाचा असू शकतो. लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेल्या बाईला तो पहिल्या बाळंतपणाच्या सुमारास गाठतो आणि सगळे त्याला गरोदरपणातली सर्दी म्हणतात. याच्या दुसऱ्या टोकाला एक अगदी निरुपद्रवी कारण आहे, आणि ते सर्वांत जास्त चुकतं. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींना कोरडा खोकला लागतो. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत लागेल किंवा काही महिन्यांनी. वर्षभर हा माणूस सिरप बदलत फिरतो, एंडोस्कोपी करून घेतो, कोणी त्याला ॲलर्जीची लस सुचवतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की काही आठवड्यांत खोकला जातो. (ती आपल्या मनानं बंद करू नये, हे सांगितलेलं बरं.) इथे रोग गंभीर नव्हता, पण नाव न विचारल्याची किंमत त्यानंही मोजलीच.

आता भीतीचा आक्षेप. असं लिहून तुम्ही लोकांना घाबरवता, सगळे एक्स-रेच्या रांगेत उभे राहतील, असं म्हणणारे भेटतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली सरकारनं ‘तीन आठवडे खोकला असेल तर डॉक्टरला सांगा’ अशी मोहीम देशभर चालवली. रांगा वाढल्या, हे खरं. त्याच काळात फुप्फुसाच्या कर्करोगाची निदानंही वाढली, आणि लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाणही थोडं वर गेलं. शिवाय आठ आठवडे टिकलेल्या खोकल्याचं नाव शोधायला गेलं तर विडी न ओढणाऱ्या आणि एक्स-रे स्वच्छ असणाऱ्या माणसात ते बहुतेक वेळा दमा, नाकातून घशात उतरणारा स्राव किंवा वर येणारं आम्लपित्त हेच निघतं. तिन्हींवर इलाज आहे आणि तिन्हींवर खोकल्याचं सिरप कुचकामी आहे. भीती वाढते ती नाव न कळल्यामुळे. आणि बाटली तरी निरुपद्रवी असते का? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा भागातली वीसहून अधिक लहान मुलं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतल्या कित्येकांना शेवटी नागपुरात आणलं होतं. ती मुलं साध्या सर्दी-खोकल्याची होती.

‘कळून तरी काय उपयोग?’ हा निराशेचा सूर अजून ऐकू येतो. एके काळी तो खरा होता. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला तो २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनला. आनंदीबाई जोशी त्यानंतर फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानंच गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रोगाचं नाव माहीत होतं, जंतू माहीत होता, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडावं लागलं. आज औषधाला दाद देणारा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. आनंदीबाईंच्या काळची हतबलता आज उसनी आणण्याचं कारण नाही.

शेवटचा पक्ष स्वातंत्र्यवाद्यांचा : माझा खोकला, माझी छाती, मी बघून घेईन. कर्करोगाच्या बाबतीत हे क्षणभर मानताही येईल. क्षयाच्या बाबतीत येत नाही. बेडक्यात जंतू असलेला आणि उपचार न घेणारा माणूस वर्षभरात दहा-पंधरा जणांना संसर्ग देतो, असा जुना अंदाज आहे, आणि त्यांत त्याच्याच घरातले, त्याच्याच खोलीत झोपणारेही असतात. अशा घरातल्यांना, सर्वांत आधी पाच वर्षांखालच्या मुलांना, रोग होण्याआधीच प्रतिबंधक गोळ्या देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पण ती सुरू होते घरातल्या रुग्णाची नोंद झाल्यावर. आजोबांचा बेडका कोणी तपासलाच नाही, तर नातवाचं नाव त्या यादीत चढत नाही.